शपथ अडली नाही, नाव अडलं

"शपथ घेताना जीभ कशी सरसर चालली हिची! आता खरं बोलायची वेळ आली, तर बसली होय?"

मालकाचे वकील असं म्हणाले आणि धारवाडचं ते सगळं कोर्ट खो खो हसलं. मी साक्षीच्या पिंजऱ्यात. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात माझा अण्णा, सख्खा थोरला भाऊ. ज्यांच्या रानात आम्ही राबतो, त्या मालकाची गवताची गंजी त्यानं पेटवली म्हणे! गंजी पेटली मालकाच्या पुतण्याच्या विडीनं. विडी टाकून पळताना मी त्याला माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुसरं कुणीच नव्हतं तिथं. अण्णानं वेठीला जायला नकार दिला होता, म्हणून आळ त्याच्यावर. मी बोलले नाही तर अण्णा तुरुंगात जाणार.

आणि मी तर तोतरी. लहानपणापासनं.

शपथ अडली नाही ते खरं आहे. अडाणी माणसं चुकतात म्हणून तिथला कारकून शपथ आपणही बरोबर म्हणतो. कुणाच्या बरोबरीनं म्हटलं की माझं अडत नाही. गाणं म्हटलं तरी नाही. एकटीनं बोलायचं म्हटलं की दार लागतं.

अण्णानं मला एकदा दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, घसा बघितला. म्हणाल्या, "जीभ चांगली आहे. अडतंय ते मेंदूत, बोलणं जुळतं तिथं. का, ते आम्हालाही अजून कळलं नाही. पण अक्कल शाबूत आहे हो हिची." गावानं मात्र मला कायम खुळीच ठरवलं. माझं वाक्य अडलं की अण्णा पुरं करायचा. मला तेच बरं वाटायचं.

वकील कानडीत ओरडले, "लगू हेळवा!" लवकर बोल बाई. मी म्हटलं, "मा-मालकाचा पुतण्या." जज्जसाहेब म्हणाले, "त्यांना पुतणे पुष्कळ आहेत. नाव सांग."

नाव 'ब'नं सुरू होणारं. माझं सगळ्यात वाईट अक्षर. ओठ मिटले ते उघडेनात. मागच्या बाकावर मालक पान चघळत बसलेले. ते हसत नव्हते. नुसते बघत होते, बकऱ्याकडं बघतात तसं.

"साहेब, लिहून घ्यावं," वकील म्हणाले. "साक्षीदार खोटी आहे, म्हणून अडखळते."

अण्णाला राहवलं नाही. त्यानं तोंड उघडलं, नाव सांगायला. नेहमीसारखं.

माझं डोकंच फिरलं. साक्ष माझी होती, त्याची नव्हे. मी हात वर केला. "अण्णा, न-नको!" मग साहेबांकडं वळले. "खो-खोटं नाही. डो-डोक्यात अडतंय. थां-थांबा तुम्ही."

साहेब थांबले. कुणी हसलं, कुणी खोकलं. मी ओठांशी झगडत राहिले, घाम डोळ्यांत गेला. शेवटी नाव निघालं. बसवंत. पुरं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

बाहेर मालकाचा माणूस जवळ आला. हळूच म्हणाला, "अक्का, घरची वाट आमच्याच रानातनं जाते. ध्यानात ठेव."

ठेवलंय. उद्या पुन्हा तारीख आहे, उलटतपासणी. पहाटे अंधारात त्याच वाटेनं निघणार, कोयता घेऊन. उद्याही अडणार मी. हसू देत. पण बसवंतचं नाव पुरं झाल्याशिवाय त्या पिंजऱ्यातनं उतरणार नाही. आणि माझं वाक्य आता कुणी पुरं करायचं नाही. अण्णानंसुद्धा नाही.