गमछा बांधलेला राजा

इतकी वर्षं लोटली, तरी ती बाई पोलीस ठाण्यात शिरली तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. माझा जन्म कलकत्त्याचाच. घरी मराठी, ठाण्यात बंगाली. उत्तर भागातल्या एका ठाण्यात मी तपासी अधिकारी होतो.

एका संध्याकाळी बागबाजारच्या घाटाजवळ बॉम्ब फुटून आमचा शिपाई जखमी झाला. खबऱ्याने एका तरुण नटाचं नाव दिलं आणि त्याला लगेच अटक झाली. “मी त्या वेळी रंगमंचावर होतो,” एवढंच तो सांगत राहिला. सोबतच्या नटांचे जबाब ठाण्याच्या साहेबांनी मोडीत काढले. सगळे एकमेकांना सामील, म्हणाले. प्रेक्षकांपैकी कोणी पुढे यायला धजेना.

काही दिवसांनी ही बाई आली. पन्नाशीची, नखांत काळी शाई. दगडावर चित्र काढून त्याचे छाप घेणं हे तिचं काम. तिने टेबलावर एक छाप उलगडला. डोक्याला चौकडीचा गमछा बांधलेला राजा, भुवईवर व्रण. चेहरा आमच्या आरोपीचा.

“त्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत होते. माझा जबाब लिहून घ्या,” ती म्हणाली.

चित्र हा पुरावा नाही, असं साहेबांनी सुनावलं. फार बोललात तर तुमच्याही घराची झडती होईल, असंही. ती बाकावर जाऊन बसली.

“झडती घ्या. जबाब झाल्याशिवाय मी उठणार नाही.”

मला तो गमछा खटकत होता. राजाला गमछा कशाला? दिसलं ते काढलं, एवढंच ती म्हणाली. मी कोठडीत गेलो आणि छापाबद्दल अवाक्षर न काढता नटाला विचारलं, त्या प्रयोगात डोक्यावर काय होतं?

“एरवी मुकुट असतो. त्या दिवशी तो पडून मोडला, म्हणून गमछा बांधला.”

अटकेपासून त्याला बाहेरचं कोणी भेटलं नव्हतं. मग खबऱ्याला समोर बसवलं. नट कोणत्या कपड्यांत दिसला, हे फिरवून फिरवून विचारलं. दर वेळी उत्तर बदललं. शेवटी कबूल झाला, की बॉम्ब टाकणाऱ्याचा चेहरा पाहिलाच नव्हता. गल्लीतल्या एका वैऱ्याने नाव पुरवलं होतं.

साहेब म्हणाले, केस तशीच पुढे रेटा. मी बाईचा जबाब नोंदवला. छाप मुद्देमालात जाईल, बहुधा परत मिळणार नाही, असं तिला सांगितलं.

“ठेवा,” ती म्हणाली. “दगड माझ्याकडे आहे.”

आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी सही करून कोर्टात पाठवला. नट सुटला. माझी बदली झाली; त्या बदलीचं मला कधी वाईट वाटलं नाही.

लोक भीतीने गप्प बसतात आणि आम्ही ‘साक्षीदार मिळाला नाही’ असं लिहून मोकळे होतो. साक्षीदार असतो. तो ठाण्यात येऊन बसला, तर कोणीही सांगितलं तरी त्याला उठवायचं नाही.