फक्कीची रेघ

सकाळी शेजारच्या शोभाताईंच्या अंगणात गवंड्याने फक्कीची पांढरी रेघ मारली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, कुंपणापासून जेमतेम हातभर आत. तिथे आता भिंत उठणार.

पूर्वी नगरपालिकेचा नियम होता, कुंपणालगत दहा फूट मोकळे सोडायचे. त्यापायी माझ्या मुलाची खोली अडली, तेव्हा नियम सैल करा म्हणून मीच घरोघर सह्या गोळा केल्या. शोभाताईंची सही तर याच खिडकीतून घेतली. नियम सैल झाला. माझ्या नव्या खोलीने त्यांची तुळस सावलीत गेली, तरी त्यांच्या झाडाचा कढीपत्ता आमच्याकडे येतच राहिला.

"भाऊ, लेकीसाठी खोली काढतेय. चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," मी म्हणालो. आणि ओट्यावर पसरलेलं ऊन बघत राहिलो. हे ऊन इतकी वर्षं कुणाचं होतं? माझं, त्यांचं, की त्या नियमाचं? दहा फूट वाया जातात, असं मीच सगळ्यांना पटवलं होतं. ते चुकीचंही वाटत नाही, बरोबरही वाटत नाही.

संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून कढीपत्ता दिला. मी हात पुढे केला, तर भलामोठा भारा.

"झाड उद्या काढायचंय," त्या म्हणाल्या.

एवढ्या कढीपत्त्याचं करायचं काय, तेही मला कळेना.