घोडा झोपलाय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला यातलं अर्धं माहीत होतं, आणि त्या अर्ध्यावरही आम्ही एकदाच बोललो. मित्रांना सांगायचा प्रश्नच नव्हता — त्यांच्यात माझी ख्याती कानाची, आणि ही गोष्ट त्या कानाच्याच मुळावर येते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं आपलं मला वाटतं. बघू.

सांगलीत आमची हळदीची अडत होती. दिवसभर पेठेत पोती, हमाल, दलाल, आणि अंगाला कितीही धुतलं तरी न जाणारा तो पिवळा वास. पण जीव माझा गाण्यात. गळा नव्हता. हात तर त्याहून नव्हता, पेटीवर बोट ठेवलं की घरातले दुसऱ्या खोलीत जायचे. राहता राहिले कान. मग कानांवरच नाव काढायचं ठरवलं. गावातल्या, पण साताऱ्यापर्यंत जाणाऱ्या एका साप्ताहिकात नव्या तबकड्यांवर लिहायला लागलो. सही करायचो ‘कानसेन’.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मुंबईहून भलभलत्या तबकड्या यायला लागल्या होत्या. कुणी हवाईन गिटारीवर भूपाळी वाजवायचा, कुणी अभंगाच्या मागे ट्रम्पेट उभा करायचा. हॉटेलांत साहेबलोकांपुढे जाझ वाजवणारे गोवेकर वादक आपल्या गाण्यांच्या मागेही वाजवायला लागले होते. गावातला तबकड्यांचा दुकानदार असला माल आधी माझ्याकडे ऐकायला पाठवायचा. मी काय लिहितो ते बघून गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं. नाट्यपदाच्या बाबतीत सांगलीला माझी गरज नव्हती, तिथे टांगेवालासुद्धा टांगा थांबवून चूक दाखवायचा. पण या मिश्र मालात सगळेच चाचपडत होते. मी नव्हतो का? होतोच की! फक्त दिसू देत नव्हतो. खरं सांगू? जाझ मी उभ्या जन्मात एकदा ऐकलं होतं, मुंबईतल्या एका हॉटेलच्या दाराबाहेर उभं राहून, तेही दरवानाने हटकेपर्यंत. एवढ्या भांडवलावर मी सांगलीला जाझ शिकवत होतो.

आणि लोकांना माझं ज्ञान नकोच होतं हो. त्यांना हवे होते माझे टोमणे. पियानोच्या साथीने गायलेल्या एका भजनाबद्दल मी लिहिलं होतं की, यातला देव नव्या व्याह्यासारखा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलाय. ते वाक्य गावभर झालं. पेठेत लोक थांबवून म्हणायचे, “काय राव, खुर्चीच्या कडेवर!” एकदा असं झालं की माणूस पुढच्या वाक्याच्या शोधात राहतो. तबकडी सुरू व्हायच्या आधीच माझी जीभ शिवशिवायला लागायची.

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दुकानदाराने एक तबकडी पाठवली. वर नाव — दस्तगीर मास्तर, रहिमतपूर, क्लॅरिनेट. हा लग्नात वाजवणाऱ्या ब्यांडातला माणूस. बापही ब्यांडातच होता. लढाईत हा फौजेच्या ब्यांडात भरती झाला, आसामात गेला, तिथे अमेरिकन फौजेतल्या काळ्या शिपायांच्या संगतीत जाझ शिकला. परत आला आणि आपल्या जात्यावरच्या ओवीची चाल त्या ढंगात बसवली. मुंबईच्या कंपनीने एक तबकडी काढली आणि त्याला सांगितलं — तुझ्या मुलखात ही खपली तर दुसरी काढू. मुलूख म्हणजे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत. हे सगळं दुकानदाराने मला सांगितलं होतं. म्हणजे त्या माणसाचं पुढचं काय ते याच तबकडीवर टांगलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

तबकडी लावली. काय सांगू, रडगाणंच ते. ड्रम जड, क्लॅरिनेट खर्जात घोगरी, आणि सगळं असं रेंगाळत चाललेलं की आता थांबतंय की मग थांबतंय. दुसरी बाजूही तशीच. मला वाटलं, हेच का ते जाझ? मग ओवीचा आणि लग्नाच्या वाजंत्रीचा विचार करता करता वाक्य सुचलं आणि मी मांडीवर थाप मारली. लिहिलं — नवरदेव चढून बसलाय, वाजंत्री वाजतेय, वऱ्हाड ताटकळलंय, आणि घोडा झोपलाय.

दुपारी पत्ते खेळायला मंडळी आली होती. त्यांना वाचून दाखवलं. एकाला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी तसाच उठलो आणि मजकूर छापखान्यात देऊन आलो.

घरी येऊन तोंडपाठ असलेलं एक नाट्यपद लावलं, सहज, मन खुशीत होतं म्हणून. ते गाणाऱ्या बाईंचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. पण आत गात होता एक जाडा, दमलेला पुरुष! मी सुई उचलली, पुन्हा ठेवली. तोच पुरुष. मग फोनोच्या तबकाशेजारी तो वेग कमीजास्त करायचा काटा असतो ना, त्याकडे लक्ष गेलं. तो पार खाली होता.

बायको तबकडीबरोबर गायला बसायची. तिची पट्टी खालची, म्हणून काटा खाली ओढून तबकडी आपल्या सुराला लावून घ्यायची, आणि झालं की काटा पुन्हा जागेवर. गाणं शिकणारे बरेच जण तसं करायचे. त्या दिवशी मात्र तिने कपाळाला हात लावला. “अगंबाई! दूध उतू चाललं म्हणून धावले आणि काटा तसाच राहिला.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचं ते लिहून नाही ना झालं?”

ओळखीचा आवाज असता तर मी पहिल्या सुराला फसलो नसतो. पण हे वाजवणं माझ्या ओळखीचं नव्हतंच. त्याची खरी चाल काय, खरा सूर काय, हे मोजायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. यंत्र हळू चालत होतं आणि मी म्हणत होतो, जाझ असंच असतं.

काटा जागेवर आणून दस्तगीर मास्तरांची तबकडी पुन्हा लावली. पहिल्यांदा लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. पहिल्यांदा आनंद झाला, अगदी अंगावर काटा येईपर्यंत. ड्रमवर हलगीचा ठेका चालला होता, पाय आपोआप हलावा असा. त्यावर ती ओवी साधेपणाने यायची, आणि मध्येच क्लॅरिनेट तालाच्या जराशी मागं राहायची — मुद्दाम, मजेत, बाजाराला निघालेली बाई ओळखीच्या दारात दोन शब्द बोलायला थांबते तशी — आणि समेच्या आत बरोबर येऊन मिळायची. सगळी गंमत त्या मागं राहण्यात होती. असलं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिन्हीसांजेपर्यंत तीच तबकडी लावत बसलो. बायको दारात उभी राहून ऐकत होती. “मग जा की,” ती म्हणाली. “अजून छापलं नसेल.”

गेलो. वहाणा घालून तडक गेलो, हे खरं आहे. छपाई सकाळी व्हायची होती. खिळे जुळवून झाले होते, एवढंच. मजकूर काढून घ्यायला काहीच अडचण नव्हती. पण दारातच संपादकांनी मला मिठी मारली. जुळारी सगळे हसत होते. एकजण टेबलावर ठेका धरून म्हणाला, “घोडा झोपलाय!” संपादक म्हणाले, “कानसेन, यावेळी कमाल केलीत हो, पहिल्या पानावर घेतोय.”

मी काय केलं? मीही हसलो. कशाला आलात म्हणून विचारलं तर म्हणालो, एक मात्रा राहिलीय का बघायला आलो होतो. ती मात्रा बघितली. बरोबर होती. घरी आलो.

भीती होती का चूक कबूल करण्याची? थोडी असेल. पण भीतीवर ढकलून मोकळं व्हावं असं ते नव्हतं. मला ते वाक्य सोडवेना. खरं काय ते कळलेलं असतानाही वाक्य आवडत होतं, आणि ते उद्या छापून यावं असं वाटत होतं.

अंक आला तेव्हा बायकोने वाचला. “छापखाना बंद होता का?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने अंक घडी करून ठेवला. त्यानंतर तिने फोनोला हात लावला नाही आणि तबकडीबरोबर गायली नाही, शेवटपर्यंत. मीही कधी म्हटलं नाही की बस, गा.

तबकडी खपली नाही. सांगलीत नाही, साताऱ्यातही नाही. दुकानदारांनी माल परत धाडला. आणि लग्नांत पोरं दस्तगीर मास्तरांना ओरडायला लागली, “मास्तर, घोडा उठवा!”

छापखान्यातलं सोडलं तर इथपर्यंत माझ्या बायकोला माहीत होतं. यापुढचं नाही.

उन्हाळ्यात ती माहेरी साताऱ्याला गेली असताना एक दिवस दस्तगीर मास्तर माझ्या दारात उभे राहिले. रहिमतपूरहून रेल्वेने आले होते. काळा कोट, हातात घेवड्याची पिशवी, माझ्यासाठी आणलेली. मला वाटलं भांडायला आलेत. मी तशी तयारीही केली. ते जाजमाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “सायेब, तुमी कानाचं मानूस. राग न्हाई बगा माजा. खपली न्हाई, तरी कंपनी आनि येक डाव वाजवून घेनार हाय, शेवटचंच. कुटं चुकलं तेवडं सांगा.”

मी चहा केला. आमच्याच कपातून दिला. त्या काळी आमच्याकडे मुसलमान पाहुण्याचा कप वेगळा असायचा, मी तो घेतला नाही — आणि मी किती सुधारलेला माणूस आहे याचा मला तेव्हा, त्या क्षणीसुद्धा, अभिमान वाटला.

फोनो आमच्या दोघांच्या मध्ये होता. काटा जागेवर होता. त्यांची तबकडी खाली कपाटात होती. नुसतं लावायचं, आणि म्हणायचं — मास्तर, तुमचं काही चुकलं नाही, माझं यंत्र हळू होतं. दुसरं कुणी घरात नव्हतं. ऐकायला ते एकटे. ते रागावलेही नसते, हसले असते बहुतेक.

मी म्हणालो, “लय रेंगाळते तुमची. मध्ये मध्ये तालाच्या मागं राहता, ते बरं नाही. जरा पळवा.”

त्यांनी कप खाली ठेवला. “मागं ऱ्हायलं तरच त्ये नीट लागतं, आसं मला वाटत व्हतं,” ते हळूच म्हणाले. मग मान हलवली. “पन तुमी म्हनता तर आसंल. पळवतो.” जाताना माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले नाहीत.

दोनेक वर्षांनी कोरेगावला एका व्यापाऱ्याकडे लग्नाला गेलो होतो. वरातीपुढे त्यांचाच ब्यांड. सिनेमाची गाणी वाजवत होते, चोख, भरभर, तालाला चिकटून. मला बघून दुसऱ्याला पुढे करून ते बाजूला आले, चेहऱ्यावर खरोखरचा आनंद घेऊन.

“तुमी सांगितलं तसं पळवलं, सायेब,” ते म्हणाले. “लय पळवलं. कंपनीचा मानूस म्हनला, पयली येवडी ब्येस आनि ही का आशी? न्हाई काडली त्येनी.” आणि मी काही बोलायच्या आत, मलाच धीर द्यावा तसे, “आवं, तुमचं बरुबरच व्हतं. माजाच दम कमी पडला.”

पलीकडे नवरदेवाचा घोडा फटाक्यांना बुजत होता. तो बघून ते हसले आणि म्हणाले, “आज कसं वाजतंय? जागा हाय न्हवं घोडा?”

“जागा आहे,” मी म्हणालो. ते खूष होऊन परत वरातीत गेले.

ते आता नाहीत. बायकोही नाही. साप्ताहिक तर केव्हाच बंद पडलं. मी मात्र पुढेही बरीच वर्षं कानसेन म्हणून लिहीत राहिलो, माझा सत्कारही झाला, आणि सत्काराला बोलणाऱ्याने ते घोड्याचं वाक्य म्हणून दाखवलं. लोक हसले. मी हात जोडले.

दस्तगीर मास्तरांचं वाजवणं बरोबर होतं. माझं यंत्र हळू चालत होतं. साप्ताहिकात एवढं छापायला दोन ओळींची जागा लागली असती.