मी पुसलेली काजळी

“हा कोण?” कांबळेकाकांनी विचारलं.

फोटो त्यांचाच होता. चार दिवसांपूर्वी मोठा करायला त्यांनीच आणून दिलेला. भाईंदरला केबिन रोडवरच्या एका स्टुडिओत मी रिटचर होते. रिटचर म्हणजे फोटोवरचे डाग, चिरा, सुरकुत्या ब्रश आणि ब्लेडने घालवणारी बाई. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. कॉम्प्युटर नव्हता, सगळं हातानं. निम्मं काम स्थळांच्या फोटोंचं. मुलीची मुरमं काढा, मुलाचा तीळ काढा, दोघांनाही जरा उजळ करा! चेहऱ्यावर काळं दिसलं की माझी बोटं शिवशिवायचीच.

काकांच्या फोटोत एक इटालियन माणूस जुन्या रेसिंग कारला टेकून उभा होता. तोंडभर काळे डाग, डोळ्यांभोवती दोन पांढरे गोल. मला वाटलं, बुरशी लागलीय. घेतलं ब्लेड, काळं हलकेच खरवडलं, पांढरे गोल रंगानं भरून टाकले. माणूस असा चकाचक झाला, की उद्या मुलगी बघायला निघेल.

“अगं पोरी, ते डाग नव्हते,” काका म्हणाले. “रेसची काजळी ती. आणि हे गोल गॉगलचे. तेवढीच जागा गोरी राहायची.”

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की आधी फोटोचा फोटो काढायचा आणि त्या कॉपीवर काम करायचं. मूळ प्रिंटला हात लावायचा नाही. पण मी पडले अतिशहाणी! आधी साफ करू, म्हणजे कॉपी छान येईल, म्हणून मूळ प्रिंटच खरवडून बसले होते.

“दुसरी प्रिंट आहे का, काका?”

“नाही गं. हाच एक.”

काका जवळच्या पूनम सागर वसाहतीत मुलाकडे राहायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रक चालवत ते इटलीत पोचले होते. तिथे डोंगरातल्या एका गावात हा माणूस, तोवर म्हातारा झालेला, गॅरेज चालवायचा. त्यानं बावीस वर्षांच्या काकांना घाट उतरायला शिकवलं आणि निघताना हा फोटो हातात ठेवला. त्याचं एवढंच काकांकडे उरलं होतं. आणि त्याच्या तोंडावरून मी ब्लेड फिरवलं होतं.

“काका, चूक माझी आहे. खरवडलेलं परत येत नाही.”

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“शाईनं काजळी परत भरता येईल?”

“येईल. पण कुठे किती होती, मला काय ठाऊक?”

“मला ठाऊक आहे. स्टूल दे इकडे.”

तीन दुपारी ते माझ्या टेबलाशी बसले. गॉगलच्या गोलांत मी भरलेला रंग ओल्या कापसानं निघाला. मी तीन केसांचा ब्रश शाईत बुडवायचे, टिपकागदावर कोरडा करायचे आणि ठिपक्याला ठिपका लावायचे.

“उजव्या गालावर दाट. धुराचा पाइप त्याच बाजूला असायचा.”

“हनुवटीवर?”

“तिथे कमी. रुमाल बांधायचा तो.”

ठिपक्यांबरोबर त्याचं आयुष्यही कळत गेलं. लोहाराचा मुलगा. आधी ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा मेकॅनिक झाला. तेव्हा रेसच्या गाडीत दोघं असत, शेजारचा हातपंपानं इंजिनला तेल पोचवत राही. पुढे ड्रायव्हर जायबंदी झाला आणि स्टिअरिंग याच्या हाती आलं. रस्ते खडीचे, धुरळ्यानं पुढचं दिसायचं नाही, टायर फुटला तर आपणच उतरून बदलायचा. दोनतीन रेस जिंकला. हा फोटो शेवटच्या जिंकलेल्या रेसचा. पुढच्याच रेसमध्ये गुडघा गेला, मग गॅरेज.

“भाषा कशी कळायची तुम्हाला?”

“कसली भाषा! उतारावर सारखा ब्रेक दाबला की गुडघ्यावर छडी. गिअरवर उतर म्हणायचा. त्या छडीवर मी कोकणात तीस वर्षं बस चालवली. एका पॅसेंजरला ओरखडा नाही.”

दुसऱ्या दिवशी आमचे शेठ, जयंतीभाई, येऊन उभे राहिले. “शुं थयुं, सुनीताबेन? एक फोटोला इतका टाइम?”

मी कबूल करायला तोंड उघडलं, तर काकाच म्हणाले, “शेठ, फोटोच नाजूक आहे. घाई केलीत तर मी नेणार नाही.”

शेठ गेले. काका म्हणाले, “रडू नकोस, शाई पसरेल.”

तिसऱ्या दुपारी त्यांनी माझा हात धरला. “बस्स. आता लावू नकोस.”

“जमलं?”

“डावा गाल जरा वेगळा आहे. असू दे.” ते बराच वेळ बघत राहिले. “खरं सांगू? इतकी वर्षं हा ट्रंकेत होता. कधी काढला तर नमस्कार करून परत ठेवायचो. नीट बघितला तो आत्ता, तीन दिवस. पंचेचाळीस वर्षांनी उस्ताद भेटला, पोरी.”

मी पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले. काकांनी त्या दिवशी आरडाओरडा केला असता, तर माझी नोकरी गेली असती, आणि त्यांचं कुठे चुकलं असतं? त्यांचे उपकार मी आजही मानते.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी हे काम केलं. ब्लेड उचलण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचे, की हे काळं कशाचं? बहुतेक जण म्हणायचे, डाग आहे, काढा. एक बाई मात्र नवऱ्याचा फोटो घेऊन आली होती. म्हणाली, “बॉयलरवर होते ते. राहू दे.”

मी राहू दिलं. पैसे कमी मिळाले.