टिचकीआक्का आणि पुठ्ठ्याची भिंत

माझी मुलगी आज न खोकता झोपते ती टिचकीआक्कामुळे. हे नाव आधीच लिहून ठेवते. पुढे घरमालक, डॉक्टर आणि मी स्वतः इतक्या हुशारीने वागलो आहोत, की त्या गर्दीत आक्का मागे राहायची.

आक्का तिला सगळेच म्हणत. टिचकी मी जोडली. ती कशालाही टिचकी मारून बघायची. माठ, टरबूज, नवा गिलावा. कान तिरका करून ऐकायची आणि निकाल द्यायची, "भरीव" नाहीतर "पोकळ." शेजारच्या बांधकामावर ती कामाला होती. तिथला मिस्त्री एकदा आपल्या गिलाव्याचं फार कौतुक सांगत होता. तिने भिंतीला टिचकी मारली, मग त्याच्या कपाळाकडे बघून म्हणाली, "दोन्हीकडं आवाज एकच यील, मिस्त्री." तीस वर्षं काम करूनही ती बिगारीच होती. मिस्त्री व्हायला मिशा लागतात, असं त्या धंद्यात कुठंतरी लिहून ठेवलेलं असावं.

मी कोकणातली. नववीत शाळा सोडली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग जिंतूरला आले. तो रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवतो, आठ-आठ दिवस बाहेर असतो. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या गावात वाढले, पण ओल्या भिंतीला पहिल्यांदा घाबरले ती इथं, जूनमध्ये, आभाळात ढगाचा तुकडा नसताना. नशीबही काय शोधून शोधून देतं!

घरमालकांनी मधे जिप्समची, पुठ्ठ्यासारख्या तक्त्यांची भिंत घालून एका खोलीच्या दोन केल्या होत्या. "मोठ्या शहरात हेच चालतं," असं ते अभिमानाने सांगत. त्या भिंतीवर खाली, मुलीच्या अंथरुणाजवळ, आधी पिवळा डाग आला. मग काळे ठिपके, मग वास आणि मग मुलीचा खोकला. झोपेत तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "बुरशीनं होतंय. खोली बदला." जणू खोली म्हणजे गोळी, ही लागू पडली नाही तर दुसरी घ्या. नवरा सदा बाहेर असलेल्या परगावच्या बाईला दुसरी खोली कोण देणार, ते मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

मी घाबरत घाबरत मालकांना फोन केला. ते रानात होते.

"काका, ओल आलीय हो."

"ओल? किती हाय?" त्यांचा आवाज एकदम उजळला.

"वीतभर तरी असेल."

"वीतभर! अन् तुमी रडायलाव? आमच्या रानात चार बोटं ओल न्हाई, पेरणी अडकून पडलीय!"

ओल ही इथं आनंदाची बातमी असते, हे मला तेव्हा कळलं. भिंतीतली ओल म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. दुसऱ्या दिवशी ते धबधब्याचं मोठं पोस्टर घेऊन आले आणि डागावर चिकटवून गेले. उपाय नामी होता. आठवडाभरात धबधब्यातून खरंच पाणी झिरपायला लागलं.

त्याच सुमारास आक्का पाणी प्यायला आमच्या दारात आली. तांब्या तोंडाला लावता लावता आत येऊन तिने पोस्टरला टिचकी मारली. आवाज आलाच नाही. बोट पचकन आत गेलं.

"ए कोकणीण, समुद्र संगं आणलास का काय?"

मला रडूच फुटलं. आक्काने पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. विचारलं, "डाग कवा वाढतो?"

"नळ येतो त्या दिवशी," मी म्हणाले. नळ आठवड्यातून एकदा येतो. इतके दिवस डागाकडे बघत बसले होते, पण एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

"वरून थेंब न्हाई, अन् भित भिजायलीय. आत पाइप हाय, दुसरं काय! बोलाव मालकाला."

मालक आले. आक्काने मुलीला शेजारी धाडलं. आमच्या नाकातोंडाला ओली फडकी बांधली, "ही काळी पूड छातीत बसती," म्हणाली. मग डागाच्या हातभर बाहेरून भिंत कापून काढली. आत काळी लोकर भरावी तशी बुरशी. तिच्यामागे शेजारच्या मोरीकडे जाणारा पाइप आणि पाइपात घुसलेलं खिळ्याचं टोक.

तो खिळा माझा होता. अंथरुणावरून दिसेल असा लग्नाचा फोटो लावायला पहिल्याच दिवशी मी ठोकलेला. आता खोली जाणार, आणि मुलीला घेऊन मी कुठं जाणार? आक्का खिळा लपवेल, असं क्षणभर वाटलं. तिने तो उपटला आणि सरळ मालकांच्या नाकासमोर धरला.

"खिळा हिचा. पुठ्ठ्याच्या भितीत पाइप घालायची अक्कल तुमची. दोनी बी काढून टाकू."

मालकांनी खिळा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "बरं, पाइप भायेरून घेऊ. पर भित आजच बुजवा."

"आठ दिस उघडी राहील. ओल असल्याबिगर तुमी पेरत न्हाई. ओल हाय तवर मी बुजवत न्हाई."

ही भाषा त्यांना कळली. रोज येऊन ते त्या भगदाडात हात घालून बघायला लागले. आठव्या दिवशी म्हणाले, "कोरडं ठक्क!" आणि सवयीने त्यांचा चेहराच पडला.

आक्काने खाली कमरेएवढी विटांची भिंत घातली आणि गिलाव्याला थापी माझ्या हातात दिली. मी लावलेल्या गिलाव्यावर टिचकी मारायची, "पोकळ. काढ." तीनदा काढायला लावलं. पंधरा दिवसांत मुलीच्या छातीतली शिट्टी थांबली.

शेजारचं बांधकाम संपलं. आक्का आपली थापी माझ्याकडे ठेवून सोनपेठकडच्या तिच्या गावाला निघून गेली. संक्रांतीला मुलीला घेऊन भेटायला गेले. आयुष्यभर लोकांचे गिलावे केलेल्या बाईचं घर उघड्या विटांचं.

"आक्का, गिलावा?"

"खांदा वर जाईना गं. अन् माझ्या भितीला झाकायचंय काय?"

मुलीने हात पुढे करून विटेला टिचकी मारली. आक्का हसली, मग खांदा धरून खाली बसली.

येत्या उन्हाळ्यात, नाहीतर पुढच्या, मी ती थापी घेऊन जाणार आहे. तिच्या भिंतीला गिलावा माझ्या हाताने करणार. ती उठेल, कान तिरका करून टिचकी मारेल आणि म्हणेल, "पोकळ. काढ." मी काढीन. ती "भरीव" म्हणेपर्यंत पुन्हा लावीन.