आबांच्या घरचं बोडण

टोंकखुर्दचा एक गाडीवान सकाळी आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बईजी, आज दादा ओटला पे नी दिख्या. कईं बाहेर गया?" मी म्हटलं, आबांना टेकडीवरून उतरायला उशीर झाला असेल, येतीलच आता. तेवढ्यात समोरच्या घरातून आबांच्या सुनेची, यमूची हाक आली. हाक कसली, नुसतं "वैनी..." एवढंच. पण ते ऐकलं आणि हातातली कळशी तिथेच टेकवून मी धावले. आबा उजव्या कुशीवर निजले होते. अंगावरचं पांघरूणसुद्धा विस्कटलेलं नव्हतं. कुणाला त्रास द्यायचा नाही हा त्यांचा जन्माचा स्वभाव, तो त्यांनी जातानाही सोडला नाही. गाडीवान पागोटं काढून ओट्याखाली कितीतरी वेळ उभा होता. ह्या गोष्टीला आता महिना होत आला, तरी गल्लीत शिरल्यावर गाड्या त्या घरापाशी अजून जरा हळू होतात.

आबा मूळचे रत्नागिरीकडचे. विशीत असताना कोणाच्या तरी ओळखीने देवासला आले, धाकट्या पातीच्या संस्थानी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. ते नोकरीत असतानाच बायको गेली. एकुलता मुलगा विष्णू धारला शाळेत मास्तर. त्याची बायको यमू मात्र सासऱ्यांचं जेवणखाण बघायला देवासलाच राहिली. विष्णू सुटीला येई. आमचं घर त्यांच्या अगदी समोर, मध्ये फक्त गाडी जाईल एवढी वाट. त्यामुळे आबांचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो हे मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे, आणि खरं सांगते, पाहायला फार बरं वाटे. पेन्शनीत गेलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. काल ज्यांच्यापुढे कचेरी उभी राहत होती ते आज घरच्या बायकांवर कचेरी भरवतात. आबांनी तसं कधी केलं नाही. त्यांना स्वतःलाच एवढी कामं होती!

उजाडता उजाडता ते टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघत. अर्ध्यावर एका दगडावर बसून धाप घालवत. "धाप निमित्त, गाव बघायला बसतो," असं सांगत. उतरताना भाजीबाजार. आमच्या देवासात एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. आबांचं घर एका पातीत, भाजीबाजार दुसरीत. "रोज परमुलखात जाऊन वांगी जिंकून आणतो," म्हणायचे. बाजारातल्या माळणींशी ते माळवीत घासाघीस करत, पण सूर अस्सल कोकणी, नाकातला. माळणी हसून दोन मिरच्या जास्तीच्या टाकत. परत आल्यावर आल्याचा चहा, मग अंगणातल्या नारळाची विचारपूस. हा नारळ म्हणजे आमच्या गल्लीची कायमची करमणूक होती. माळव्याच्या काळ्या मातीत आणि इथल्या थंडीत नारळ कुठला जगायला? पण आबा दरवर्षी एक नारळ रुजत घालत. त्याला पानं फुटत, पौषात तो काळा पडे, आणि आबा म्हणत, "यंदा मात्र मागच्यापेक्षा बरा वाढला होता हो." माझे यजमान म्हणायचे, "आबा, खोबरं खाऊन टाका, करवंटी रुजत घाला." त्यावर सगळ्यांत मोठ्याने आबाच हसत.

उन्हाळा संपता संपता त्यांच्या गावाहून आमसुलं आणि फणसपोळी येई, आणि ती गल्लीत घरोघर वाटली जाई. शेजारच्या माळवी ब्राह्मणाच्या घरच्या गंगाबाईंनी पहिल्यांदा फणसपोळी हातात घेतली तेव्हा ती उलटीसुलटी करून विचारलं होतं, "दादा, ई कईं हे? खावा की चीज हे के पेरवा की?" खायची की ल्यायची! पुढे त्याच गंगाबाई वैशाख लागला की विचारू लागल्या, "तमारा गाम से कईं आयो?" त्यांच्याकडून आबांना रविवारी दालबाफले येत, म्हणजे डाळ आणि कणकेचे उकडून भाजलेले टणक गोळे. आबा पहिल्यांदा बाफला भाकरीसारखा दातांनी तोडायला गेले, आणि पुढचे दोन दिवस पेज पीत बसले. मग शिकले. बाफला मुठीत चुरायचा, त्यावर तूप, तुपावर डाळ... जेवून झालं की अर्धा दिवस लोळायचं. भातावर वाढलेला हा माणूस शेवटी शेवटी रविवारी भाताकडे ढुंकून बघत नसे. आणि सकाळी घटकाभर नि संध्याकाळी ओटा. तिथे घोंगडी टाकून बसले की येणारीजाणारी प्रत्येक गाडी थांबवून विचारत, "कां से आया, भिया? पाणी कसा है तुम्हारे यहां?" मराठी, हिंदी, माळवी सगळं एका वाक्यात. गाडीवानांना ते बरोबर कळे.

एवढं सगळं असून आबा स्वतःला पाहुणाच म्हणवत. "आम्ही काय, आज ना उद्या गावी जायचे." म्हणून घराची कौलं फुटली तरी बदलायची नाहीत, पाणी गळे तिथे पातेलं ठेवायचं. "जायचंच आहे, कशाला खर्च?" यमू पावसाळाभर पातेली हलवत असे. हे जायचं जे होतं ना, त्यामागे एक मोठं कारण होतं. ते यमूच्या जिवाला लागलेलं होतं.

कोकणस्थांच्या घरी लग्न झालं किंवा मूल झालं की बोडण भरतात. परातीत अन्नपूर्णा ठेवायची, पुरण, दूध, दही, तूप, मध घालायचं, आणि सवाष्णींनी भोवती बसून ते हातांनी कालवायचं. सोबत एक कुमारिका. ती त्या वेळची देवी. तिला विचारायचं, काय हवं? ती मागेल ते घालत राहायचं, पुरे म्हणेपर्यंत. पुरुषांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि बायका कोकणस्थांच्याच हव्या. विष्णूचं लग्न देवासात झालं, तेव्हा गावात कोकणस्थांची घरं मोजकी आणि त्यांतल्या सवाष्णी त्याहून मोजक्या. बोडण राहिलं. गावी गेल्यावर भरू, असं ठरलं. पुढे यमूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही मुलं हाताशी लागली नाहीत. बायकांची तोंडं सुटली. देवीचं राहिलंय, देवी कशी राहू देईल? यमू माझ्याजवळ बसून तांदूळ निवडताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "वैनी, खरंच माझ्यामुळे का हो?" मी काय सांगणार? मनातून मलाही भीती वाटे.

अशात आबांचे थोरले भाऊ काशीयात्रेहून परतताना देवासला उतरले. सोवळ्याओवळ्याचे कडक, पण माणूस मायेचा. चार दिवस घर पाहिलं, यमूचा चेहरा पाहिला, आणि पाचव्या दिवशी ओट्यावर बसून म्हणाले, "हरी, आता पुरे झालं. सुनेला घे आणि माझ्याबरोबर चल. तिकडे बोडण भरू. मूल होईपर्यंत सून तिकडेच राहू दे देवीच्या पायाशी. तूही राहा. इथे तुझं कोण आहे?" यमू दाराआड उभी होती. नवरा धारला, आणि हिला ओळखदेख नसलेल्या गावात कपाळावर शिक्का मारून नेऊन ठेवायची! त्या दुपारी ती माझ्याकडे आली ती रडलीसुद्धा नाही, नुसती बसून राहिली. मला तिच्यासाठी फार भीती वाटली.

आबा दोन दिवस टेकडीवरून उशिरा उतरले. तिसऱ्या दिवशी टेकडीवरून आले ते घरी न जाता गल्लीतच थांबले आणि भावाला हाक मारून म्हणाले, "दादा, बोडण इथे होईल. ह्याच घरात."

"सवाष्णी कुठून आणणार?"

"ह्या गल्लीतून."

"शुद्धीवर आहेस ना तू?"

"हो, आहे. जन्मभर ह्या बायकांच्या हातचं खाल्लं मी. यमू बाळंतीण झाली तेव्हा ह्याच धावल्या. आता देवीचं कालवायला मात्र ह्यांचे हात चालत नाहीत, हे मी वर जाऊन तिला कोणत्या तोंडानं सांगू? तूच जाऊन सांग, मला नाही जमायचं."

गावात असलेल्या कोकणस्थ सवाष्णींपैकी एक आली, बाकीच्यांनी दुखणी काढली. आमचं घर देशस्थांचं. माझ्या सासूबाई विधवा, जुन्या वळणाच्या आणि जिभेला धार. त्यांनी साफ सांगितलं, "आपल्यात बोडण नाही. त्यांच्या देवीचा कोप आपण कशाला ओढवून घ्यायचा? ती पोरगी अभागी आहे, तिच्या सावलीत माझी सून नको." हे आबांच्या कानावर गेलं. ते स्वतः आमच्या अंगणात आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आतल्या अंधाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, कोप व्हायचा असेल तर तो माझ्या एकट्यावर होऊ दे, असं वर जाऊन सांगून आलोय. तुमच्या घराचं नाव मी मध्ये येऊ देणार नाही. तुमची सून पाठवा."  दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तो माझं सोवळ्याचं लुगडं सासूबाईंनीच धुऊन वाळत टाकलेलं!

कुमारिका म्हणून गंगाबाईंची कमळा बसवली. गंगाबाई म्हणाल्या, "म्हारी छोरी तमारी देवी बणेगी? ई तो म्हारो भाग!" आणि त्या स्वतःही बसल्या. आम्ही आत परातीभोवती, आबा आणि त्यांचे भाऊ बाहेर ओट्यावर. कालवायला लागल्यावर यमूचा हात परातीच्या काठाशीच अडला, तेव्हा मी माझा हात तिच्या हातावर ठेवला. मग कमळेला विचारलं, "देवी, काय हवं?"  पोर जरा लाजली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "म्हके दई चइये!" दही घातलं. "और!" आणखी घातलं. मग दूध, मग मध... बयेचं मागणं संपेना. शेवटी तिने पोटावर हात फिरवला आणि सांगितलं, "बस. अब धापी गी." पोट भरलं. बाहेरून आबांचं हसणं ऐकू आलं, आणि हसता हसता ते म्हणाले, "दादा, ऐकलंस का? आमच्या देवीला माळवी येते हो!"  भाऊ पुरणपोळीच्या पंगतीला गंगाबाईंच्या यजमानांशेजारी निमूटपणे बसले, आणि दोन दिवसांनी एकटेच कोकणात गेले.

आता जे पुढचं, ते लपवून काय करायचं? यमूला त्यानंतरही मूल झालं नाही. ह्यासाठी मला देवीचा राग येतो, अजूनही येतो. पण आबांनी ते बोडण मुलासाठी मागून घेतलंच नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. त्यांना सुनेच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं होतं. पुढे कुणी कुजबुजू लागलं, तर हे गृहस्थ एरवी इतके मवाळ, पण तिथल्या तिथे विचारत, "देवी धापली, सगळ्यांनी ऐकलं. मग तुम्हीच का उपाशी राहिलात?" समोरच्याला पळता भुई थोडी होई. त्याच उन्हाळ्यात त्यांनी घराची कौलं बदलली. गावी जायचं नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. आणि गल्लीत कुणाकडे हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, आबा सुनेला स्वतः त्या दारापर्यंत सोडायला जात आणि ती आत गेल्याशिवाय हलत नसत. सासरा असा सुनेला पोचवतो हे आमच्या गल्लीत नवलच होतं. दारात आबा उभे असले की यमूला मागे बसवायची कुणाची छाती होत नसे.

परवा माझ्या लेकीच्या मुलीचं बारसं झालं. यमूच्या घरचं सुतक फिटलेलं, बोलावणं मी स्वतः केलेलं. पण बायका जमल्या, पाळणा सजला, आणि यमूचा पत्ता नाही. मी निरोप पाठवला तर उत्तर आलं, माझं डोकं दुखतंय, तुम्ही उरकून घ्या. मला कळलं कसलं दुखणं ते. तिला पोचवायला आता कोण होतं? बाळ रडायला लागलं, बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कुणी म्हणालं मुहूर्त टळतोय...

मागच्या खोलीत हालचाल झाली. शुभकार्यात सासूबाई कधी पुढे येत नाहीत. इतक्या वर्षांत घरातलं एकही बारसं त्यांनी समोर बसून पाहिलेलं नाही, दाराआडून पाहिलं. त्या उठल्या, भिंत धरत धरत सगळ्या बायकांमधून गेल्या आणि वाट ओलांडून समोरच्या ओट्याशी पोचल्या. यमू अजून रोज सकाळी तिथे आबांची घोंगडी अंथरते. सासूबाई त्या घोंगडीवर दम खायला टेकल्या, आणि तिथूनच हाक मारली, "यमू, अगं पोर केव्हाची रडतेय. चल, तिला पाळण्यात घालायची आहे."

यमू बाहेर आली. दोघी एकमेकींना धरून वाट ओलांडताना मी दारातून पाहिल्या. यमूने बाळाला घेतलं, पोर तिच्या हातात गेल्याबरोबर गप्प झालं, आणि तिनेच ते पाळण्यात ठेवलं. गाणी सुरू झाली. सासूबाई मागच्या खोलीत परत गेल्या नाहीत. पाळण्याच्या दोरीला हात लावून तिथेच बसल्या.