मुद्दाम बिघडवलेली भाजी

वांग्याची भाजी बिघडवणं वाटतं तितकं सोपं नाही. मूठभर मीठ जास्त टाकून कोणीही मोकळं होईल. पण खाणाऱ्याचा जीव तळमळला पाहिजे, ही बाई अशीच करत राहिली तर गावाचं काही खरं नाही असं त्याला वाटलं पाहिजे. इतकी नेमकी भाजी बिघडवायला हाताला मुळात चव असावी लागते. माझ्या हाताला आहे. माझं मीच सांगते, कारण पुढे माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही.

आमचं गाव तेलंगणातल्या भीमपूर मंडलातलं. नदीपलीकडे महाराष्ट्र, माझं माहेर तिकडचं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, एक लहानसं चर्च, आणि त्याचे पाळक म्हणजे आमचे हे. हे मंचेरियलचे, घरची भाषा तेलुगू. मराठी शिकले ती बायबल वाचून, त्यामुळे भाजीवालीशीही उपदेश केल्यासारखे बोलतात. गाव त्यांना फादर म्हणतं. पाळकाला बायको असते, फादरला नसते, हे मी बरेच दिवस समजावून सांगितलं. शेवटी लोकांनी मला फादरीणबाई करून टाकलं आणि विषय मिटवला.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकाजींचं घर. शेत बटईने दिलेलं, लेक हैदराबादला नोकरीला, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. गावात लग्न असो की सप्ताह, पंगतीची भाजी काकाजींच्या नजरेखाली व्हायची. आचाऱ्याच्या हातून पळी ओढून घेणारा माणूस. दुसऱ्याच्या घरचं जेवत नसत. कोणाला काही येत नाही असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांची बायको माझी मैत्रीण. वयाने आईएवढी, पण मैत्रीणच. रोज दुपारी परसातल्या बुटक्या भिंतीपाशी उभं राहून आम्ही दोघी आपापल्या नवऱ्यांचा समाचार घ्यायचो. गेल्या दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे वरण-भात, भाकरी नेऊन देतात. त्याला कडू घास म्हणतात. मीही नेत होते. पण तेरवी झाली तसे बाकीचे डबे थांबले आणि माझा चालूच राहिला. मला वाटलं, थांबवायचं कशाला? एकटा माणूस, जेवतो की नाही कोण बघणार? दोन-चार दिवस काकाजींनी डबा दारातच ठेवून घेतला. मग एका दुपारी तो तसाच, भरलेला, भिंतीवर आणून ठेवला.

"बाई, तेरवी झाली ना?"

"झाली काकाजी."

"मंग हे काऊन आनता? घरात अजून कोनी मरून राह्यलं का?"

तेरवीनंतरही असा डबा येणं म्हणजे त्या घराचं सुतक संपूच न देणं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या घरी सुतक नसतं, त्यामुळे ते कुठे संपतं तेही ठाऊक नाही. मी डबा घरात आणला आणि तो यांनी खाल्ला. 

त्यानंतर काकाजी चहात टोस्ट बुडवून दिवस काढू लागले. जगाला पळी फिरवायला शिकवणारा माणूस, पण एकट्यासाठी चूल पेटवायला त्यांचे हात उठत नव्हते. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. लेक व्हिडिओवर बघायचा आणि अस्वस्थ व्हायचा. शेवटी त्याने सांगून टाकलं: नाताळच्या सुट्टीत येतो, बाबा असेच दिसले तर घराला कुलूप लावून सोबत घेऊन जातो.

"तिथं मी काय करू?" काकाजी मला भिंतीवरून म्हणाले. "खाली पाह्यलं तं गाड्या, वर पाह्यलं तं पंखा. भांडाले बी कोनी नाई."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. माझ्या मैत्रिणीच्या दाराला कुलूप, हे मला बघवणार नव्हतं. आणि हा म्हातारा हैदराबादच्या पंख्याखाली वर्षभरही टिकणार नाही, हे मला दिसत होतं.

यांनी प्रार्थना सुरू केली. मीही केली. पण नुसते हात जोडून बसणं माझ्या स्वभावात नाही. आमच्यात देण्यावर प्रवचनं पुष्कळ होतात, घेण्यावर कोणी बोलत नाही. देणं काय, सोपं असतं. देणारा आपोआप चार बोटं वर जातो. घेणाऱ्याला खाली बघावं लागतं, आणि काकाजींना खाली बघता येत नव्हतं. त्यांना दोन घास खाऊ घालायचे तर आधी मलाच त्यांच्याकडे काहीतरी मागावं लागणार होतं.

नाताळला चर्चमध्ये प्रीतिभोजन असतं. सगळं गाव बोलावलेलं असतं, म्हणून एक पातेलं कोंबडीचं आणि एक वांग्याच्या भाजीचं. मी एका वाटीत वांग्याची भाजी घेऊन भिंतीपाशी गेले.

"काकाजी, यंदा भाजी माझ्याकडे आहे. जरा चाखून बघता का? डबा नाही हा, नुसती वाटी."

चाखायला त्यांची हरकत नव्हती. लोकांच्या चुका काढणं हे त्यांचं आवडतं काम. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, आणि बरेच दिवसांनी त्यांचा चेहरा जिवंत झाला.

"हे काय करून ठेवलं बाई?"

मसाला मी करपवला होता. दुसऱ्या दिवशी तेल सुटायच्या आधीच पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी मीठ घालताना हात जरा सढळ सुटला. 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' असं प्रभूने सांगितलंय, ते मी त्या दिवशी फारच मनावर घेतलं. रोज वाटीबरोबर भाकरी असायची, कारण नुसत्या भाजीचा अंदाज कसा येणार, असं माझं म्हणणं. काकाजी शिव्या घालत घालत भाकरी संपवायचे.

उरलेल्या भाजीचं काय, असं कोणी विचारत नाही. ती हे खात होते.

"आजही मिठाचे प्राबल्य आहे," हे म्हणाले.

मी खरं काय ते सांगितलं. ते पाळक माणूस, घास तोंडात तसाच ठेवून विचारात पडले. "पण हे तर असत्य आचरणे झाले."

"मी त्यांना एक शब्द खोटं बोलले नाही. भाजी बघा म्हटलं, ते बघताहेत. तुम्ही पाणी प्या."

यांनी पाणी प्यायलं, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि मग उरलेली भाजीही संपवली. तो त्या वर्षीचा सगळ्यात मोठा त्याग होता, आणि चर्चमध्ये त्याची कोणी साक्ष दिली नाही.

आठवड्याभरात काकाजींचा धीर सुटला. ते थेट माझ्या स्वयंपाकघरात आले, माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणाले, "सरका तिकडं." त्या दिवसापासून आमच्याकडे दुपारी शिकवणी सुरू झाली. शेंगदाणे किती भाजायचे, तीळ कधी टाकायचा, वांग्याचं देठ का ठेवायचं. मला सगळं येत होतं आणि मी सगळं विचारत होते. भाजी झाली की ती कशी झालीय हे बघायला त्यांना पाटावर बसावंच लागे. हे तर आनंदाने जेवत होतेच; घरात पुन्हा खाण्यालायक भाजी शिजू लागली होती.

गाव बोलायला लागलंच. पारावर कोणीतरी काकाजींना विचारलं, फादरीणबाईने तुम्हाला बाटवलं म्हणतात, खरं काय?

"मले कायले बाटवते?" काकाजी म्हणाले. "भाजी बाटवून राह्यली होती, ते थांबवाले जातो."

नाताळच्या सकाळी चर्चमागे कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजीचा मोठा गंज चढला. काकाजी कमरेला टॉवेल बांधून उभे, हातात माणसाएवढा झारा, आणि आमच्या मंडळीतल्या बायांना असं काही फैलावर घेत होते की उपासनेला अर्धी मंडळी उशिरा पोचली. लेक त्याच सुमाराला आला. घर बंद बघून शोधत इथवर पोचला होता. बाप समोर धुरात उभा, गालावर थोडं मांस, आवाज पूर्वीसारखा.

तरीही पंगत बसायच्या आधी त्याने विषय काढला. "बाबा, उद्या निघायचं ना?"

काकाजींनी झारा खाली ठेवला. ते लेकाशी भांडले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली. हळू आवाजात म्हणाले, "मी गेलो तं या बाईले कोन शिकवन? तिले काईच येत नाई रे. फादर भरल्या पंगतीत मान खाली घालन."

लेक माझ्याकडे वळला. डोळ्यांत हसू होतं, पण डोळे भरलेले. मला बाजूला घेऊन हलकेच म्हणाला, "आई रोज फोन करे. म्हने, शेजारच्या बाईच्या हातची वांग्याची भाजी खाऊन आली, अशी भाजी आपल्या घरी कधी झाली नाई. तुया बापाले सांगू नको म्हने, जेवन सोडन तो."

ती दुपारी माझ्याकडे येऊन खायची हे खरं, पण पदराने तोंड पुसत "बरी आहे" एवढंच म्हणायची. तिने माझं कौतुक केलं ते इतक्या लांब, लेकापाशी, आणि मला ते आज कळत होतं. मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

लेक बापाकडे गेला. "बरोबर म्हनता बाबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाईले खरंच काई येत नाई. तुमी राहा इथंच."

मंडळीतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. यांनी तोंड उघडलं, मी यांच्या पायावर पाय दिला.

काकाजी आयुष्यात पहिल्यांदा पंगतीत बसले, लेकाच्या शेजारी. पहिला घास घेतला, मान डोलावली आणि वर बघून मला म्हणाले, "उद्यापासून वरन शिकवतो." मी बरं म्हटलं, आणि त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.